नागपूरला बिऱ्हाड हलवताना : गाडीच्या ना-हरकत प्रमाणपत्राचा माझा अनुभव

बेळगाव सीमाभागातून कोल्हापूर, गडहिंग्लज किंवा चंदगडला गाडी घेऊन जाणे-येणे आपल्याकडे इतके नित्याचे आहे, की कर्नाटकात नोंदलेली गाडी कायमची महाराष्ट्रात न्यायची तर त्यासाठी वेगळी कागदपत्रे लागतात, हे बहुतेकांच्या ध्यानीही येत नाही. पत्नीला नागपुरात नोकरी मिळाली आणि आम्ही सगळे बिऱ्हाड तिकडे हलवायचे ठरवले, तेव्हा सामान, गॅस आणि मुलांची शाळा ही कामे सुरळीत पार पडली. मोटारीच्या ना-हरकत प्रमाणपत्राने मात्र जो मनस्ताप दिला, तो आजही मनातून गेलेला नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. नव्या ठिकाणच्या परिवहन कार्यालयात (आरटीओ) त्यासाठी नमुना २७ मध्ये अर्ज करायचा असतो. पण त्याआधी गाडी जिथे नोंदली त्या मूळ परिवहन कार्यालयाकडून कलम ४८ खालील ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्याचा अर्ज नमुना २८ मध्ये असतो. मुदत वर्षभराची असली, तरी हे प्रमाणपत्र मूळ कार्यालयाखेरीज कोणीही देऊ शकत नाही, आणि नागपूरहून एवढ्यासाठी पुन्हा बेळगाव जिल्ह्यात येणे कोणालाही सोयीचे नाही. म्हणून सामानाचा ट्रक निघण्यापूर्वीच ते हाती असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या नोंदणी पुस्तिकेवर बँकेच्या कर्जाचा बोजा होता. कर्ज फिटले, तरी नोंदणीवरचा बोजा आपोआप उतरत नाही; बँकेचे पत्र आणि बँकेच्या सहीचा नमुना ३५ देऊन तो उतरवून घ्यावा लागतो. हे काम आम्ही आधीच उरकले होते. विमा आणि पीयूसी चालू होते, दंडाचे एकही चलन बाकी नव्हते आणि चासी क्रमांकाचा पेन्सिलीने घासून घेतलेला ठसाही अर्जावर होता. संकेतस्थळावर अर्ज भरून, शुल्क भरून, सगळी कागदपत्रे घेऊन मी खिडकीपाशी गेलो, आणि नागपूरचा भाडेकरार दाखवल्याशिवाय अर्ज घेणार नाही, असे मला सांगण्यात आले.

नागपुरातील घर अजून ठरलेले नव्हते. घर ठरल्यावर करार होणार, करार झाल्यावर आम्ही जाणार, आणि गेल्यावर पुन्हा येथे येऊन अर्ज देणार, असा तो उलटा क्रम होता. मी माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये समजावून सांगितले, पत्नीचे नेमणूकपत्र दाखवले. परंतु खिडकीवरील कर्मचाऱ्याने कागद परत सरकवले. पुढच्या खेपेला दुसरा कर्मचारी होता. त्याने करार मागितला नाही, पण साहेब नाहीत म्हणून अर्ज ठेवून घेण्यास नकार दिला. नकार लेखी देत नाहीत आणि अर्जही घेत नाहीत, ही खरी अडचण होती. कलम ४८ मध्ये नागरिकाच्या बाजूची एक मोठी तरतूद आहे : अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रमाणपत्र दिले की नाकारले हे कार्यालयाने लेखी कळवले पाहिजे, आणि तसे न कळवल्यास ते दिले गेले असेच मानले जाते. मात्र ही मुदत अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून मोजायची असल्यामुळे, ज्याच्याकडे पोच नाही त्याला या तरतुदीचा काहीही उपयोग होत नाही.

म्हणून मी खिडकीचा नाद सोडला. एका साध्या कागदावर अर्जाचा क्रमांक, जोडलेल्या कागदपत्रांची यादी आणि कलम ४८ चा उल्लेख असलेले विनंतीपत्र लिहिले, कन्नड उत्तम लिहिणाऱ्या शेजाऱ्यांकडून त्याची कन्नड प्रत करून घेतली, आणि दोन्ही प्रती कार्यालयाच्या आवक विभागात देऊन माझ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतला. तेथेही नकार मिळाला असता, तर तेच पत्र पोच पावतीसह रजिस्टर टपालाने पाठवण्याची माझी तयारी होती. शिक्का पडल्यानंतर भाडेकराराचा विषय कोणी काढला नाही. चोरीची तक्रार नसल्याबद्दलचा पोलिसांचा अहवाल आणि कराची पडताळणी कायद्यानेच आवश्यक असल्यामुळे त्यासाठी थांबणे मला रास्त वाटले, आणि तीस दिवसांच्या आत प्रमाणपत्र हाती आले. ते घेताना मला जे समाधान वाटले, ते सामान सुखरूप पोहोचल्यावरही वाटले नाही.

आणखी एक गोष्ट अर्ज भरण्यापूर्वीच पाहावी. नमुना २८ मध्ये ज्या कार्यालयाच्या हद्दीत वाहन जाणार, त्याचे नाव लिहावे लागते, आणि नागपुरात तीन कार्यालये आहेत : शहरासाठी एमएच ३१, ग्रामीण भागासाठी एमएच ४० आणि पूर्व नागपूरसाठी एमएच ४९. घर ठरले नसले, तरी शहराचा कोणता भाग हे तरी आधी निश्चित करावे. आम्ही पत्नीच्या कार्यालयाजवळचाच भाग घ्यायचा असे ठरवून टाकले होते. केंद्र सरकारी नोकरी असेल, किंवा चार अथवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपनीत नोकरी असेल, तर २०२१ पासून सुरू झालेल्या बीएच (भारत) मालिकेचा, म्हणजे राज्य बदलले तरी नवा क्रमांक घ्यावा न लागणाऱ्या नोंदणीचा, विचार नवी गाडी घेतानाच करावा.

ट्रकचालकाने ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखाली मालवाहतुकीसाठी लागणारा ऑनलाइन परवाना, मागितले होते. वापरलेल्या घरगुती सामानाला ते लागत नाही. सामानाची सही केलेली यादी आणि ओळखपत्राची प्रत त्याच्याजवळ दिली की पुरते. निपाणी, कागल, कोल्हापूर, सोलापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ असा हा मार्ग आहे. पावसाळ्यात निघणाऱ्यांनी ताडपत्री स्वतः उभे राहून बांधून घ्यावी. गॅसचे सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीकडे जमा करून ट्रान्सफर व्हाउचर व अनामत रक्कम घ्यावी. सिलिंडर ट्रकमध्ये घालू नये. शाळेच्या दाखल्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेतली, म्हणजे परराज्यात प्रश्न उरत नाही. आपल्याकडे शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी भरतात आणि विदर्भात उन्हामुळे जूनअखेरीस, त्यामुळे मुलांचा एकही दिवस बुडाला नाही.

नागपुरात एकरकमी कर नव्याने भरावा लागतो आणि कर्नाटकात भरलेल्या आजीवन कराचा उरलेला भाग मूळ कार्यालयाकडून परत मागता येतो. त्या अर्जाला नव्या नोंदणीची व ना-हरकत प्रमाणपत्राची प्रत लागते, आणि मूळ प्रमाणपत्र तर नागपूरच्या कार्यालयात जमा होते. म्हणून ते देण्यापूर्वी त्याच्या दोन-तीन छायाप्रती काढून ठेवाव्यात. परताव्याचा आमचा अर्ज मी रजिस्टर टपालाने पाठवला असून त्याची पोच पावती जपून ठेवली आहे.