गोव्यातच बनली, गोव्यातच कुजली

आजचा रविवार सगळा फायबरच्या धुरळ्यात गेला, आंघोळ करूनसुद्धा अजून अंग खाजतंय. सॅन स्टॉर्म आठवते का कुणाला? 1998 च्या आसपास आपल्या गोव्यात बनायची ती दोन सीटवाली, उघड्या टपाची गाडी, आत रेनॉचं 1149 सीसी इंजिन, ताकद 60 हॉर्सपॉवरच्या घरात, म्हणजे आजची साधी हॅचबॅक पण हिला मागे टाकेल, पण दिसते काय राव! मला मिळाली ती डिचोलीत माडाखाली, टप फाटलेला, कार्पेट उचललं तर खाली चक्क गांडुळं.

लोक म्हणतात फायबर बॉडी आहे, गंजायचं टेन्शन नाही. बॉडी नाही गंजत हो, खालची चेसिस, म्हणजे लोखंडी सांगाडा, गंजतो ना, आणि वरून चकाचक म्हणून कोण वाकून बघतच नाही. म्हापशाच्या डेंटरने हात लावायलाच नकार दिला, त्याचा सगळा धंदा पत्र्यावर. मग फायबरच्या होड्या दुरुस्त करणारा एक काका गाठला. त्याने बॉडीला गेलेला तडा ग्राइंडरने खोदून रुंद केला, मागून मॅट (काचतंतूंचं कापड) लावून रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट द्रव, चोपडलं, ब्रशने एकेक बुडबुडा दाबून काढला आणि म्हणाला, पात्रांव, हें होड्यापरस सोंपें! (मालक, हे होडीपेक्षा सोपं!) फक्त पावसात काम नको म्हणाला, दमट हवेत रेझिन चिकटच राहतं.

रंग बदलायचा मोह होतोय, पण त्याची आरसीवर नोंद करावी लागते, सो लाल रंगच ठेवतोय. मॉडिफाय फक्त सीटा आणि म्युझिक सिस्टीम. बायको विचारते, चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान ह्यात मावणार का?