नागीण बरी झाली, कळ राहिली : वेदनेच्या पट्टीसोबतचे माझे सहा महिने

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नातवाचा लाकडी बैल सजवत होते, तेव्हाच डाव्या बरगडीखाली आग व्हायला लागली. तिसऱ्या दिवशी फोड उठले. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत ज्याला त्याला एकच उपाय माहीत: गेरू लावा, नागिणीचं तोंड नि शेपूट जुळू देऊ नका. मी गेरू लावत बसले. धंतोलीत डॉक्टरांकडे गेले ती फोड उठल्यावर पाचव्या दिवशी. त्या रागावल्या नाहीत, पण स्पष्ट बोलल्या. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू नसेच्या मुळाशी दडून बसतो आणि तोच पुढे नागीण म्हणून उठतो. विषाणूवरच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर फायदा जास्त. तोंड-शेपूट जुळण्यात काही तथ्य नाही.

फोड वाळले, खपल्या पडल्या, कळ मात्र गेली नाही. डिसेंबर लागला तरी पदराचा नुसता स्पर्श सहन होत नव्हता. ज्याला हे झालेलं नाही, त्याला ते समजावणं कठीण आहे. तेव्हा डॉक्टरांनी जागा बधिर करणाऱ्या लिडोकेनची ५ टक्क्यांची पट्टी लिहून दिली. आपल्याकडे याच औषधाला लिग्नोकेन म्हणतात. दात काढताना हिरडीत इंजेक्शन देतात, तेही बहुधा हेच. म्हणून दाताच्या डॉक्टरांनाही पट्टीबद्दल सांगायचं, आणि यकृताचा त्रास किंवा हृदयाच्या ठोक्यांसाठी गोळ्या चालू असतील तर पट्टी सुरू होण्याआधीच सांगायचं.

नियम साधा वाटला: १२ तास लावायची, १२ तास कातडी मोकळी. एका वेळी जास्तीत जास्त तीन, मला एकच पुरली. जागा कोरडी आणि अखंड हवी, फोडावर किंवा जखमेवर पट्टी लावायची नाही. लहान हवी असेल तर मागचा कागद काढण्याआधी कात्रीने कापायची. मी रात्री आठला लावायची आणि सकाळी आठला काढायची, आंघोळ त्यानंतर. सूनबाई भिंतीवरच्या कॅलेंडरवर ‘लावली’, ‘काढली’ लिहायची. ते लिहिणं मोलाचं ठरलं, कारण झोपेत उठून दुसरी लावायचा मोह मला दोनदा झाला.

चूक झाली ती थंडीत. एका रात्री गारठा फार होता. पट्टी लावलेली होती, तिच्यावरच गरम पाण्याची पिशवी ठेवून झोपले. सकाळी पट्टी काढली तर खालची कातडी लालभडक, दोन ठिकाणी भाजल्यासारखी. मला काहीच जाणवलं नव्हतं! डॉक्टरांनी कारण सांगितलं. जागा बधिर, त्यामुळे चटका कळत नाही. शिवाय उष्णतेने औषध कातडीतून रक्तात जास्त जातं. जास्त गेलं तर ओठ-जीभ मुंग्या आल्यासारखी होते, कानात आवाज येतो, गरगरतं, पुढे झटके येऊ शकतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. असं वाटलं तर पट्टी लगेच काढायची आणि वाट न बघता दवाखाना गाठायचा. माझं भाजण्यावरच भागलं, पण कातडी पूर्ण बरी होईपर्यंत पट्टी बंद होती, आणि त्या रात्री मी बसून काढल्या.

दुसरी गोष्ट आठवली की अजून छातीत धस्स होतं. दीड वर्षाचा नातू केराच्या टोपलीतून वापरलेली पट्टी हातात घेऊन आला. तोंडाकडे नेणार, इतक्यात सुनेने ओढून घेतली. मी म्हटलं, अगं वापरून झालेली आहे ती. तिने माहितीपत्रक वाचून दाखवलं. एका पट्टीत ७०० मिलिग्रॅम औषध असतं आणि १२ तासांनंतरही त्यातलं ९५ टक्क्यांच्या वर तसंच उरलेलं असतं. लहान मूल किंवा कुत्र्या-मांजराने ती चघळली तर जिवावर बेतू शकतं. तेव्हापासून पट्टी काढली की चिकट बाजू आत दुमडते, झाकणाच्या डब्यात टाकते आणि डबा फळीवर ठेवते. मग तो तसाच झाकून कचरागाडीत जातो. हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना लावत नाही.

शेजारच्या वहिनींनी गुडघ्यासाठी माझी एक पट्टी मागितली होती. मी दिली नाही, त्यांना वाईट वाटलं. औषधांच्या दुकानातल्या सगळ्या पट्ट्या दिसायला सारख्याच, पण कुणात डायक्लोफेनॅक हे सूज-दुखीचं औषध, कुणात लिडोकेन, आणि फेंटानिलची तर अफूच्या जातीच्या जबर औषधाची, तिचे नियम पूर्ण वेगळे.

आता मे. घामाने पट्टीच्या कडा सुटतात, म्हणून आधी पुसून, कूलरसमोर अंग सुकवून मगच लावते. तीही आता आठवड्यातून दोनदा-तीनदाच लागते. आमच्या यांचं वय ६८. पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची लस मिळते, हे मला उशिरा कळलं. डॉक्टरांना विचारून त्यांना पहिला डोस दिला आहे. दुसरा दोन ते सहा महिन्यांत घ्यायचा, ती तारीखही कॅलेंडरवर लिहिली आहे.