उरला तो चोथा

बदामाचं दूध घरी करण्यात करण्यासारखं फारसं काही नाही, हे आधीच सांगून टाकते. रात्री बदाम भिजत घालायचे, सकाळी ते पाणी ओतून द्यायचं, वाटीभर बदामांना तीन-चार वाट्या ताजं पाणी घालून मिक्सरमधून काढायचं आणि गाळायचं. झालं दूध.

मजा सोलण्यात आहे. रात्रभर पाणी पिऊन बदाम टम्म फुगलेला असतो. बुडाशी चिमटीत धरून जरा दाबला की आतला पांढरा गर सटकन निसटतो आणि बरेचदा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडतो. सालासकट वाटलं तरी बिघडत नाही, रंग किंचित मळकट आणि चव जराशी तुरट, एवढंच. पण हाताला काम आणि डोक्याला सुट्टी असा योग रोज कुठे येतो? मी सोलते.

मग मिक्सर फिरतो आणि बघता बघता सगळं पांढरंशुभ्र. बदामाच्या वजनात जवळजवळ निम्मं तेल असतं, पण ते मोकळं नसतं. अगदी बारीक थेंबांत, प्रत्येक थेंबाभोवती पातळ आवरण घालून, बी ते साठवून ठेवते. अंकुराची ती शिदोरी. पातं पेशी फोडतं, थेंब पाण्यात पसरतात, उजेड विखरून टाकतात. म्हणून पांढरं.

खरी मेहनत गाळताना. पातेल्यावर मलमलचं फडकं, त्यात वाटलेलं ओतायचं, चारही टोकं एकत्र धरून पीळ द्यायचा. आधी धार लागते, मग थेंब पडतात, मग नुसतंच मनगट दुखतं. मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत जनावराचं दूध वर्ज्य असे, तेव्हा श्रीमंतांच्या स्वयंपाकघरांत बदाम कुटून असंच दूध काढत. ते कुटणारे आणि पिळणारे हात श्रीमंतांचे नसणार, हे सांगायला नको.

फ्रीजमध्ये ठेवलं की थोड्या वेळात वर दाट थर आणि खाली पाणी. विकतच्या डब्यात असं सहसा होत नाही, कारण त्यात गेलन गम किंवा लेसिथिनसारखं, दूध एकजीव ठेवणारं काहीतरी घातलेलं असतं. आपण बाटली हलवायची. गरम कॉफीत ओतलं तर फाटतं, उष्णता आणि कॉफीचा आंबटपणा दोन्ही एकदम सोसत नाहीत त्याला. आधी दूध कोमट करून त्यात कॉफी हळूहळू ओतली तर बरंचसं निभावतं. तीन-चार दिवसांत संपवायचं.

आणि हे गायीच्या दुधाला पर्याय म्हणून पिणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: 100 मिली गायीच्या दुधात साधारण 3.3 ग्रॅम प्रथिनं आणि 120 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. घरच्या बदामाच्या दुधात कॅल्शियम त्या मानाने फारच थोडं. विकतच्या डब्यावरचा आकडा वरून घातलेल्या कॅल्शियमचा. वर्षाच्या आतल्या बाळाला तर दुधाऐवजी हे देऊच नये.

आता चोथा. कृती सांगणारे उत्साही लोक इथे येऊन गप्प होतात. फडक्यात मूठभर ओलसर, भुरभुरीत गोळा उरतो, त्यात सगळा तंतू आणि बरीचशी प्रथिनं, तेलही. टाकवत नाही. मंद ओव्हनमध्ये कोरडा करून दळला की पीठ होतं, पण तेलाचा काही भाग दुधात उतरल्याने हे पीठ रुक्ष; नुसत्या त्याची बिस्किटं केली तर खाताना पाणी मागतात. दुसऱ्या पिठात चमचा-दोन चमचे मिसळलं तर खपतं. पण ते मुरवणार किती? दूध चार दिवसांत संपतं, चोथा डब्यात घालून, झाकण लावून, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत फ्रीझरमध्ये जातो.

काजूला ही भानगड नाही. तीन-चार तास भिजवले तरी मऊ पडतात, इतके बारीक वाटले जातात की गाळायलाही लागत नाही. चवीला बदामाचं दूध मला जास्त आवडतं, त्यात वाद नाही. पण फ्रीझरचा खालचा कप्पा भरलाय, तेव्हा पुढची बाटली काजूचीच.