तीन दिवसांची चाचणी, अकरा दिवसांची सही

इन्क्युबेटर (ठरलेलं तापमान राखणारं कपाट) रिकामा, बाटल्या धुऊन तयार, आणि आम्ही पाच जण ऑफिसबाहेरच्या बाकावर. इंदूरच्या कान्ह नदीचा बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते माप, काढायचा आमचा उन्हाळी प्रकल्प मे महिन्यात इन्क्युबेटरच्या परवानगीसाठी अकरा दिवस इथेच अडकला.

पहिला अर्ज परत आला, कारण त्यात ‘मे महिन्यात’ असं लिहिलं होतं, तारखा नव्हत्या. दुसऱ्यावर मार्गदर्शक मॅडमची सही होती, विभागप्रमुखांची नव्हती. तिसरा म्हणे पोचलाच नाही. चौथा दिला तर प्रमुख रजेवर. ऑफिसातल्या बाबूजींचं एकच पालुपद, ‘साहब आएँगे तब देखेंगे’. म्हणून तुम्ही अर्ज हिंदीत द्या, आणि त्यात यंत्राचं नाव, बाटल्या ठेवायची व काढायची तारीख, सगळ्यांचे रोल नंबर, चावी कोण घेणार ते एकच नाव. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घालून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तारखा टाकताना वार बघा: गुरुवारी ठेवलेली बाटली रविवारी काढावी लागते आणि रविवारी कुलूप.

सगळ्यात मोठी चूक आमचीच. सही होईल या भरवशावर कृष्णपुरा छत्र्यांपाशी जाऊन नमुने आणले. बर्फात, ४ अंशाला ठेवले तरी बीओडीचा नमुना २४ तासांत लावावा लागतो. सगळं पाणी मोरीत गेलं.

बाटल्या पाच दिवस २० अंशाला ठेवायची जुनी पद्धत सोडून आम्ही तीन दिवस, २७ अंश घेतली; आयएस ३०२५ या भारतीय मानकाच्या भाग ४४ मध्ये तीच आहे. उन्हाळ्यात २० अंश टिकवण्यापेक्षा २७ सोपं. दोन्ही पद्धतींचे आकडे एका तक्त्यात घालू नका.

३०० मिलीच्या बाटलीत ३, ६ आणि १५ मिली नमुना, बाकी विरळ करायचं पाणी. त्या पाण्यात फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड, फेरिक क्लोराइड, लिटरमागे प्रत्येकी १ मिली, आणि माशांच्या टाकीच्या पंपाने भरपूर हवा. ऑक्सिजन किमान २ मिग्रॅ/लिटर उतरला आणि किमान १ उरला, तरच ती बाटली धरायची. नमुना न घालता नुसत्या विरळ करायच्या पाण्याची एक बाटलीही ठेवा, तिच्यातच ०.२ हून जास्त घट आली तर पाणी खराब.

हो, नदीतला विरघळलेला ऑक्सिजन काठावरच रसायनं घालून पक्का करा, म्हणजे वाटेत बदलणार नाही: मँगनस सल्फेट २ मिली, अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मिली. साका (खाली बसणारा गाळ) तपकिरी न येता पांढरा आला तर रसायनाला दोष देऊ नका, पाण्यात ऑक्सिजनच नाही. टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब रसायन घालून मोजणं, करताना स्टार्च रंग फिका पिवळा झाल्यावरच घाला. ते शेवटपर्यंत एकानेच करावं. स्टार्चचा निळा रंग ‘गेला’ केव्हा म्हणायचं, यावर आमच्यात रोज भांडण व्हायचं. आणि हातमोजे न्या, तिथे नाल्यांचं पाणी येतं.