पेटी आणण्याआधी जमिनीकडे बघा

मी मधमाश्या पाळतो हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो: "आम्हालाही मधमाश्या वाचवायच्या आहेत, घरामागे एखादी पेटी ठेवू का?" प्रश्न कळकळीने विचारलेला असतो, म्हणून मीही खरं तेच सांगतो. मधासाठी ठेवायची असेल तर जरूर ठेवा, चौकटी कशा तपासायच्या ते मी शिकवीन. पण माश्या वाचवण्यासाठी म्हणून पेटी आणू नका.

हा समज कुठून आला ते दिसतंच. २००६ च्या हिवाळ्यापासून अमेरिकेतल्या मधपाळांच्या पेट्या रिकाम्या पडू लागल्या. राणी आत, थोड्या कोवळ्या माश्या आत आणि हजारो कामकरी माश्या बेपत्ता. बातमी जगभर गेली. पाठोपाठ 'मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल' हे वाक्य आइन्स्टाईनच्या फोटोसकट फिरू लागलं. ते त्याने कधी म्हटल्याचा पुरावा नाही, पण वाक्य अजून फिरतंच आहे. पोस्टरवर, कार्टूनमध्ये, टी-शर्टवर चित्र मात्र एकाच माशीचं: पोळ्यात राहणारी, मध साठवणारी.

ती माशी मला जिवापाड आवडते. पण पेट्यांतल्या मधमाश्या हे पाळीव जनावर आहे. एखादी वसाहत मेली तर मधपाळ दुसरी जोमदार वसाहत विभागून पेटी पुन्हा भरतो. म्हणूनच एवढे रोग आणि एवढं नुकसान सोसूनही जगातल्या एकूण पेट्या १९६१ च्या तुलनेत आज कितीतरी जास्त आहेत.

बाकीच्या माश्यांचं काय? मधमाशी आणि तिच्या नातलग माश्या मिळून २०,००० हून अधिक प्रजाती आहेत आणि मधासाठी पाळल्या जाणाऱ्या त्यांत अगदी मोजक्या. उरलेल्यांपैकी बहुतेक एकांड्या. त्यांना ना राणी, ना कामकरी, ना पहारेकरी. एकटी मादी जमिनीत बीळ खणते किंवा वाळक्या काडीत जागा शोधते, पराग आणि मकरंद कालवून त्याचा गोळा करते, त्यावर एक अंडं घालते, कप्पा बंद करते आणि पुढच्या कप्प्याला लागते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती बहुधा जिवंतही नसते.

गुलाबाच्या पानांचे कडेने अर्धगोल तुकडे गेले की लोक मला फोटो पाठवतात: कोणती कीड, काय फवारू? काहीही फवारू नका! ही पानं कापणारी माशी असते. ते तुकडे ती खात नाही, त्यांनी आपल्या अळीचा कप्पा मढवते.

टोमॅटोच्या फुलाचा पराग केसराच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातूनच बाहेर येतो. बंबलबी (मधमाशीची गुबगुबीत, केसाळ नातलग) किंवा सुतार भुंगा (लाकूड पोखरून घर करणारी मोठी माशी) फुलाला घट्ट धरून उडण्याचे स्नायू जोरात थरथरवतो, पंख मात्र हलू देत नाही, आणि पराग भराभर सांडतो. माझ्या पेटीतल्या माश्यांना हे जमत नाही. वाफ्यात ती चढी भुणभुण ऐकू आली की मी हातातलं काम सोडून बघत उभा राहतो.

आता परत २००६ कडे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रॉबिन थॉर्प या कीटकशास्त्रज्ञाला अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या माउंट ॲशलंड डोंगरावर फ्रँकलिन बंबलबीची एक कामकरी माशी दिसली. त्यानंतर ती प्रजाती कुणालाच दिसलेली नाही. थॉर्प २०१९ मध्ये वारले, तोवर ते तिला शोधत होते. २०२१ मध्ये अमेरिकेने तिला संकटग्रस्त यादीत घातलं. रिकाम्या पेट्यांची बातमी झाली, हिची झाली नाही, याचा मला आजही राग येतो. थॉर्प यांचा संशय होता की व्यापारासाठी वाढवलेल्या बंबलबींमधून आलेला रोग तिला भोवला. पेटीतल्या मधमाश्यांचे विषाणूही फुलांवरून रानमाश्यांपर्यंत पोचतात. शिवाय एका भरल्या पेटीत हजारो तोंडं असतात. फुलं कमी असतील तिथे एकांड्या मादीच्या वाट्याला काय उरणार? म्हणून मी माझ्या पेट्या मोजक्याच ठेवल्या आहेत.

तर पेटीऐवजी हे करा. अंगणाचा एक कोपरा फरशी न घालता, न खणता उघडा सोडा, कारण बहुतेक एकांड्या माश्या जमिनीतच घर करतात. वाळक्या पोकळ काड्या लगेच जाळू नका. वेगवेगळ्या ऋतूंत फुलणारी झाडं लावा, आणि फुलांवर कीटकनाशक कधीच मारू नका. जमिनीत पेन्सिलीएवढं भोक आणि कडेला मातीची छोटी ढिगोळी दिसली, तर मुंग्यांचं वारूळ समजून त्यात पाणी ओतू नका. आधी थोडा वेळ तिथे बसून कोण येतंय ते बघा, आणि ओळख पटली नाही तर मला फोटो पाठवा.