लाल की हिरवा

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतो. पुस्तकं, इंग्रजी, टाय कसा बांधायचा, हे सगळं नंतर. पूर्वी मी असं करत नव्हतो. करायला हवं होतं, हे एका शनिवारी संध्याकाळी कळलं, आणि ती संध्याकाळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

मी चोवीस वर्षं मर्चंट नेव्हीत होतो, शेवटी चीफ ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या खालोखाल. आई थकली तेव्हा परत आलो आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरातच राहिलो. बैठकीच्या खोलीत शनिवार-रविवार चार-सहा मुलं येतात. आयएमयूची, म्हणजे इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा देणारी, नाहीतर डीएनएसच्या, म्हणजे नॉटिकल सायन्सच्या एक वर्षाच्या डिप्लोमासाठी शिपिंग कंपनीची स्पॉन्सरशिप मिळवू पाहणारी. ग्वाल्हेरहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. यांच्यातल्या निम्म्यांनी पाण्याचा मोठा विस्तार पाहिला तो तिघरा धरणाचाच. कंपनीची माणसं मुलाखतीत हेच उकरून काढतात: समुद्र पाहिलेला नाहीस, मग सहा-सहा महिने त्यावर राहणार कसा? त्याचं उत्तर पाठ करून येत नाही. म्हणून तयारी लागते.

त्या शनिवारचा मुलगा नई सडकवर स्टेशनरीचं दुकान असलेल्या आमच्या ओळखीच्या घरातला. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून अठ्ठ्याहत्तर टक्के, इंग्रजी बरं, तब्येत ठणठणीत. चष्म्याच्या दुकानातून आणलेला कागद त्याने पहिल्याच दिवशी दाखवला होता: दृष्टी ६/६. मी तो पाहिला आणि फाईलला लावला. चूक तिथे झाली. सहा बाय सहा म्हणजे अक्षरं लांबून वाचता येतात. रंगांबद्दल तो कागद काहीच सांगत नाही.

मुलाखतीची रंगीत तालीम आम्ही नीट घेतो. टेबलाच्या एका बाजूला मी, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली माझी बायको, आणि शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले काका. मुलाने दार वाजवून आत यायचं, बसा म्हटल्यावर बसायचं. हा वडिलांचा मरून टाय लावून आला होता. तो मरून आहे हे त्याला माहीत होतं, कारण आईने तसं सांगितलं होतं. हे मला नंतर समजलं.

मुलाखत त्याने सुंदर दिली. लोखंडाचा खिळा बुडतो, मग लोखंडाचं जहाज का तरंगतं, असं काकांनी विचारलं. त्याने आर्किमिडीजचं नाव घ्यायच्या आधी आमच्याच टेबलावरची स्टीलची वाटी उचलून दाखवली. ती पोकळ आहे म्हणून आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, तीच चेपून गोळा केली तर बुडेल. मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, ग्वाल्हेरचा आणि समुद्राचा संबंध काय?

हा प्रश्न मी आमच्या मुलांसाठी मुद्दाम ठेवला आहे. ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो, हे सगळेच पाठ करतात. पण त्या दिवसाची मुळं आपल्या गावापर्यंत येतात, हे कुणाला ठाऊक नसतं. तो म्हणाला, "कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाचं प्रवासी जहाज होतं. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा आपल्या माधवराव शिंदे महाराजांनी ते घेतलं, जखमी सैनिकांसाठी हॉस्पिटलचं जहाज केलं, नाव ठेवलं 'लॉयल्टी'. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी या मंडळींनी ते विकत घेतलं. कंपनीचं नाव सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ ला हेच जहाज मुंबईहून लंडनला निघालं. सर, सिंधियाची जहाजं इंग्रज कंपन्यांशी टक्कर द्यायला उतरली ती ग्वाल्हेरच्या जहाजावरून." शेवटचं वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. ते त्याचं होतं. काकांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला, ते खूश झाले की असंच करतात.

इथेच थांबलो असतो तर तो आनंदाने घरी गेला असता.

पण तालीम संपली की मी दिवे दाखवतो. नव्या मुलांना मुलाखतीत हे सहसा कुणी विचारत नाही, मी आवड लागावी म्हणून दाखवतो. खोलीतला दिवा बंद करायचा, दोन टॉर्च घ्यायचे, एकावर लाल आणि एकावर हिरवा जिलेटिन कागद, गणपतीच्या सजावटीतला उरलेला. जहाजाच्या डाव्या कुशीला, म्हणजे पोर्टला लाल दिवा, उजवीला, स्टारबोर्डला हिरवा. प्रत्येक दिवा समोरून बाजूला ११२.५ अंशांपर्यंतच दिसतो, म्हणून कुठला दिवा दिसतोय यावरून समोरचं जहाज कुठे तोंड करून चाललंय ते अंधारातही कळतं. उजव्या हाताला जहाज आहे आणि त्याचा लाल दिसतोय, तर वाट आपण द्यायची. डाव्या हाताला आहे आणि हिरवा दिसतोय, तर आपण आपली दिशा आणि वेग धरून ठेवायचे.

मी म्हटलं, "समजा जहाज सरळ तुझ्या अंगावर येतंय. काय दिसतं?" आणि दोन्ही टॉर्च लावले. समोरून येणाऱ्या जहाजाचा लाल आपल्या उजवीकडे असतो. तो म्हणाला, "डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा."

मला वाटलं पोरगा गोंधळला, सगळेच सुरुवातीला गोंधळतात. म्हटलं, "नियम आठवू नकोस. जे दिसतंय ते सांग."

तो गप्प. मग म्हणाला, "डावीकडे लाल."

मी एक टॉर्च विझवला. आता नुसता हिरवा होता, खोलीच्या मधोमध. डावं नाही, उजवं नाही. "हा कुठला?"

अंधारात त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. "काका," तो मला म्हणाला, "कागद जुना झालाय का? जरा पांढरटच दिसतोय." मग अगदी हळू, "लाल?"

माझ्या हाताला घाम आला. मी दिवा लावला आणि कपाटातून इशिहाराचं पुस्तक काढलं. रंगीत ठिपक्यांचे हे तक्ते १९१७ मध्ये जपानच्या शिनोबू इशिहारांनी केले, जगभर अजून तेच वापरतात. पहिल्या तक्त्यावरचा १२ सगळ्यांनाच दिसतो, त्यालाही दिसला आणि चेहरा उजळला. दुसऱ्या तक्त्यावर आपल्याला ८ दिसतो. तो म्हणाला, "तीन." तिसऱ्यावर ६ असतो. "पाच." चौथ्यावर २९. "सत्तर."

एकदाही अडखळला नाही तो, आणि त्याचं हे ठाम उत्तर देणंच मला असह्य झालं. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या डोळ्यांना त्या तक्त्यांवर नेमके हेच आकडे दिसतात, ३, ५, ७०. बायकोलाही समजलं होतं. ती उठून आत पाणी आणायला गेली.

"काका, बरोबर आहे ना?"

मी त्याला तिथेच सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून, मुंबईतल्या एखाद्या मेडिकलच्या खोलीत कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, असं वाटलं. बरोबर केलं की नाही, अजून ठरवता येत नाही. पण उद्या डॉक्टरांकडे जाऊन पक्कं करायचं, हेही सांगितलं, कारण माझं पुस्तक घरातलं आणि खोलीतला उजेड बल्बचा.

तो रडला नाही. इतकंच म्हणाला, "सिग्नल मला कळतो. वरचा लाल, खालचा हिरवा."

मी स्वतः सेकंड मेट, म्हणजे चीफ ऑफिसरच्या खालचा अधिकारी असताना रात्री १२ ते ४ ची वॉच, म्हणजे पहारा करायचो. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत किनाऱ्यावरचे हजारो दिवे मागे, पुढे मासेमारीच्या होड्या, मध्येच एखादा टँकर. रडार असतो, सगळं असतं, तरी ब्रिजच्या, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीच्या काचेला नाक लावून उभा असलेला लुकआऊट "रेड लाइट, स्टारबोर्ड बो", म्हणजे पुढे उजवीकडे लाल दिवा, म्हणून ओरडतो, त्यावर आपण सुकाणू वळवतो. त्या क्षणी त्याला वरचा-खालचा असा आधार नसतो. एक ठिपका असतो, आणि त्याचा रंग. खालच्या केबिनमध्ये वीस-बावीस माणसं झोपलेली असतात.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तेच सांगितलं. जन्मजात आहे, औषध नाही, ऑपरेशन नाही, आणि रंगीत भिंगं लावून ही परीक्षा देता येत नाही. डेकवर, म्हणजे जहाज चालवणाऱ्यांत जायचा रस्ता बंद.

संध्याकाळी आईवडील आले. वहिनी, म्हणजे त्याची आई, बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग एकदम म्हणाल्या, "माझे बाबा बाजारातून नेहमी कच्चे टोमॅटो आणायचे. आई रोज त्यांच्यावर चिडायची. आम्हाला वाटायचं, बाबांचं लक्षच नसतं." आणि पदर डोळ्यांना लावला. मी त्यांना समजावलं, की हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. वडिलांकडून मुलीकडे जातो, तिला स्वतःला सहसा काही जाणवत नाही, आणि तिच्या मुलाला येण्याची शक्यता निम्मी असते. ना तुमच्या हातात होतं, ना तुमच्या वडिलांच्या. त्यांनी मान हलवली, पण ऐकलं असेल असं वाटत नाही.

वडिलांनी मग खरी गोष्ट सांगितली. दुसऱ्या शहरातल्या एका एजंटाला त्यांनी पंच्याहत्तर हजार रुपये दिले होते, स्पॉन्सरशिप पक्की करून देतो म्हणून. आदल्या रात्री त्यांनी त्याला फोन केला तर तो म्हणाला, "मेडिकलची काळजी करू नका, तेही मॅनेज होईल."

मी सहसा आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला. मॅनेज करून काय होईल? पोरगा जहाजावर जाईल. मेडिकल पुन्हा पुन्हा होत राहतं, कधीतरी पकडला जाईल आणि तीन-चार वर्षं मातीत जातील. किंवा पकडला जाणार नाही, आणि ते त्याहून वाईट. खलाशाला काम लावून देण्यासाठी त्याच्याकडून पैसे घेणंच मुळी बेकायदा आहे. आणि तो माणूस एका अठरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांवर खोटा शिक्का मारायला तयार होता. वडिलांनी मान खाली घातली. त्यांना बोलून काय उपयोग, ते तर फसले होते. पैशांसाठी आम्ही दोघांनी मिळून बरेच फोन केले. चाळीस हजार परत आले.

मुलाला मी सांगितलं, जहाज चालवणं हा एकच धंदा नाही. जहाज बांधणारेही लागतात. आयएमयूच्या विशाखापट्टणमच्या कॅम्पसला नेव्हल आर्किटेक्चरचं बी.टेक. आहे, कोचीनच्या विद्यापीठातही आहे, आणि वाटीचं उदाहरण देणारा मुलगा तिथे शोभेल. प्रवेशाच्या अटी मात्र शब्दन् शब्द वाचून घ्यायच्या, या वेळी आधी. तो "बघतो" म्हणाला. तो शब्द कसा असतो, ते मुलं असलेल्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं.

दोन शनिवार आला नाही. तिसऱ्या शनिवारी आला, मागच्या खुर्चीवर बसला. त्या दिवशी मुरारहून एक मुलगी नव्याने आली होती, डॉक्टरांचा कागद घेऊन. दिवे दाखवायची वेळ झाली तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "काका, तुम्ही विचारा, मी टॉर्च धरतो."

मला धस्स झालं, पण दिले. खोली अंधारली. मी म्हटलं, समोरून जहाज येतंय. त्याने दोन्ही टॉर्च बरोबर धरले, तिच्या उजवीकडे लाल, डावीकडे हिरवा. मग एका बाजूने जाणारं जहाज, मग दुसऱ्या बाजूने. एकदाही चुकला नाही.

सगळे गेल्यावर टॉर्च कपाटात ठेवताना पाहिलं. दोन्हींच्या मागच्या बुडावर बॉलपेनने, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. एकावर 'पोर्ट', दुसऱ्यावर 'स्टारबोर्ड'.