बारा जणींची यादी आणि एकेचाळीस मुली

मी धाराशिव जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. आमच्या भागात खो-खो घरोघरी माहीत असलेला खेळ आहे आणि धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाल्यापासून मुलींना मैदानावर पाठवताना पालक पूर्वीइतके आढेवेढे घेत नाहीत. त्यातच जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने जिंकला. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा १४ वर्षांखालील गटासाठी नाव द्यायला ४१ मुली रांगेत उभ्या होत्या. आदल्या वर्षी जेमतेम १८ होत्या.

शालेय स्पर्धेसाठी संघात १२ नावे जातात, नऊ खेळणाऱ्या आणि तीन राखीव. म्हणून मी जे दरवर्षी करत आले तेच केले. शुक्रवारी दुपारी दोन तासांत ३० मीटर धाव, शटल (दोन रेघांमध्ये मागे-पुढे धावणे) आणि प्रत्येकीला दोन-तीन वेळा खो देऊन पाठलाग, एवढ्यावर निवड उरकली आणि शनिवारी यादी फलकावर लावली. खाली एक ओळ लिहिली होती, ‘निवड झालेल्या मुलींनीच सोमवारपासून सरावास यावे.’ ही ओळ लिहिताना मी क्षणभरही थांबले नव्हते, हे आज मला फार लागते.

सोमवारी सकाळी साडेसहाला मैदानावर पोहोचले, तर सहावीतील एक मुलगी आधीच येऊन फक्कीची बादली घेऊन मधल्या पाटीची, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्याची, रेघ मारत होती. तिचे नाव यादीत नव्हते. रेघ अगदी सरळ होती, कारण तिने दोन्ही खांबांना सुतळी बांधून घेतली होती. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, “मॅडम, मी खेळणार नाही, नुसती बसायला आले तर चालंल का?” मी ‘ये’ म्हणाले, पण त्या प्रश्नाने दिवसभर पिच्छा सोडला नाही. उरलेल्या २८ जणींनी तो प्रश्न विचारलाही नव्हता. त्या सरळ घरी राहिल्या होत्या.

त्याच आठवड्यात स्पर्धेच्या प्रवेशिकेसाठी जन्मतारखा भरताना दुसरी गोष्ट ध्यानात आली. शालेय गटांचे वय १ जानेवारीपासून मोजले जाते आणि माझ्या १२ पैकी ८ मुली त्या गटात बसणाऱ्या सर्वांत मोठ्या वर्षाच्या पहिल्या चार महिन्यांत जन्मलेल्या निघाल्या. या वयात आठ-दहा महिन्यांच्या अंतराने उंचीत आणि पायांच्या ताकदीत केवढा फरक पडतो, हे मी वर्गात रोज पाहते. म्हणजे दोन तासांच्या चाचणीत मी खो-खोची जाण निवडली नव्हती, जन्माचा महिना निवडला होता. हुलकावणी, एकेरी साखळीतला (बसलेल्या एकेकीच्या मधून नागमोडी) पळ, खांबाशी वळताना पाय कुठे टाकायचा याची समज, यातले काहीच ३० मीटरच्या धावेत दिसत नाही.

आणि खरे सांगायचे तर बारा जणींत सरावही होत नाही. पाठलागाला नऊ लागतात, त्यांतल्या आठ पाटीवर बसतात. पळतीला, म्हणजे पाठलाग चुकवायला, तिघींची एक तुकडी. एवढ्यातच बारा संपल्या. पहिली तुकडी बाद झाल्यावर दुसरी, मग तिसरी आत येते, तेव्हाच पाठलाग करणाऱ्यांचा खरा कस लागतो. त्यासाठी किमान १८ मुली मैदानावर हव्यात. दोघी आजारी पडल्या की माझा ‘निवडक’ संघ नुसता धावण्याचा व्यायाम करून घरी जायचा. इतकी वर्षे हे डोळ्यांसमोर असूनही मी मुलींना परत पाठवत होते.

पुढच्या सोमवारी मी फलकावरची यादी काढून टाकली आणि प्रत्येक वर्गात जाऊन सर्वांना पुन्हा बोलावले. ४१ पैकी ३३ आल्या. ज्या आठ आल्या नाहीत, त्यांपैकी दोघींच्या घरी मी गेले, एकीच्या आईने दारातच सांगितले, “आता तिचं मनच उडालं, मॅडम.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

दोन मैदाने आखली, दर शनिवारी सर्व मुलींचे मिश्र संघ पाडून सामने लावले आणि प्रत्येकीची पळतीची वेळ वहीत लिहिली. मुख्य संघातील एका मुलीचे वडील भेटायला आले. माझ्या मुलीचा वेळ या गर्दीत जातो, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते चुकीचे नव्हते. दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, त्यामुळे पुढच्या गटाचा विचार पालक आतापासूनच करतात. मुख्य संघातल्या मुलींसाठी मी आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी पाऊण तास वेगळा सराव ठेवला. मोठ्या गटात स्पर्धेसाठी कडक निवड असावी, असेच माझेही मत आहे. पण चौदाच्या आतील मुलीला मैदानच बंद करण्याचा अधिकार मला नाही, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितले.

तालुका स्पर्धेसाठी नावे पाठवताना शनिवारच्या सहा आठवड्यांच्या नोंदी समोर होत्या. पहिल्या यादीतल्या चौघी नव्या यादीत राहिल्या नाहीत. त्या प्रत्येकीशी मी आधी एकटीने बोलले, वहीतली पाने दाखवली आणि मग सर्वांसमोर नावे वाचली. फलकावर काही लावले नाही. फक्की मारणाऱ्या मुलीचे नाव राखीव तिघींत होते. शनिवारच्या एका सामन्यात ती पुऱ्या नऊ जणींच्या पाठलागापुढे २ मिनिटे ४० सेकंद टिकली होती. आम्ही तालुक्यात जिंकलो आणि जिल्ह्यात दुसऱ्या सामन्यात हरलो. परतल्यावर सोमवारी सकाळी ३१ मुली मैदानावर होत्या.

खांबांच्या दुसऱ्या जोडीसाठी मी मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला आहे. तोवर दुसऱ्या मैदानावर आम्ही बांबू रोवले आहेत आणि वळताना हात सोलू नयेत म्हणून मुलींनी त्यांना घरून आणलेले गोणपाट गुंडाळले आहे.